आमनी नही, पाव्हनी शे

माझं तोंड मायवर गेलंय. हे मी कौतुकानं सांगत नाही. लहानपणी याच गोष्टीवरून मी फार चिडायचे. शिरपूरच्या बाजारात भाजीवाल्या बाया मला नाव न विचारताच ओळखायच्या, "अक्कानी आंडेर ना वं तू?" आंडेर म्हणजे लेक, आणि अक्का म्हणजे माझी माय, सगळं गाव तिला अक्काच म्हणतं. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटीवरची खळी, आणि राग आला की फुगणारं नाकही तेच. आबा, म्हणजे माझे वडील, हसून म्हणायचे, "देवनी दोन्हीसले एकच साचा वापरा." दोघींना देवानं एकाच साच्यातून काढलं म्हणे. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. आता मी पन्नाशी ओलांडलीय, केस पिकलेत, तर लोक अजूनच फसतात. यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत मला वाटायचं, चला, मायचं एवढं तरी आपल्याजवळ राहील.

यंदाच्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, त्याला इलाज नाही. जळगावात आमचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. दुकानात मी बसते, आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून घालून माझी जीभ तिखट झालीय असं नवरा म्हणतो. जीभ मी माहेराहून तिखटच आणली होती, त्याला उशिरा कळलं एवढंच.

माहेर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात पाच माणसं: माय, धाकटा भाऊ, वहिनी, भाची आणि भाचा. कपाशी आणि थोडी केळी. घर आबांनी बांधलं, पण पायाचे दगड मायनं डोक्यावर वाहिले, हे ती प्रत्येक भांडणात ऐकवते. म्हणजे ऐकवायची.

मायची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही उमजणार नाही. मायच्या आईला आधी झालेलं एकही लेकरू जगलं नव्हतं. कोणी सटवीच्या दिवशीच गेलं, कोणी पाळण्यात गेलं. आमच्याकडं समज असा, की मरण एकदा घर पाहून गेलं की पुन्हा पुन्हा तिथंच येतं. त्याला चकवावं लागतं. म्हणून मायच्या वेळी आजी ना सासरी बाळंत झाली, ना माहेरी. डोंगरातल्या कुठल्या तरी गावी, कोणाच्या तरी घरी जाऊन गुपचूप बाळंत झाली. त्या गावाचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही, असा नेम. परत आल्यावर पोरीला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे डिंक विकायला आलेल्या एका पावरा आदिवासी बाईनं 'ही बघा, सापडली' म्हणून ती उचलली, आणि आजीनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून पोर विकत घेतली. झालं. पोर आपली नाही, विकतची.

एवढ्यावर भागत नव्हतं. दारात कोणी अनोळखी आलं की आजी म्हणायची, "हाई आमनी नही. पाव्हनी शे." पोर बोलायला लागली तसं तिलाही तेच शिकवलं. कोणी विचारलं, तू कोणाची गं? तर सांगायचं, मी या घरची नाही, पाहुणी आहे. माहेरी तिला सगळे पाव्हनीच म्हणत. माय हे सगळं आम्हांला हसत हसत सांगायची. एक वाक्य मात्र सांगताना हसायची नाही. तिची आई म्हणायची, "'आमनी नही' म्हनं का पोर जगस." आमची नाही म्हटलं की लेकरू जगतं. आणि माय जगली की हो! सत्तरी पार केली तिनं. आता आजीचं चुकलं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

पुढं लग्नात आबांनी ताटातल्या तांदळात बोट फिरवून तिचं नाव बदललं, जसं सगळ्यांचं बदलतात. जन्माचा दाखला नव्हताच. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी, जशी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची. कोणाचं काही अडलं नाही. तिचा जन्म कुठला, हे आम्ही कोणी कधी विचारलंही नाही.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके, गाणी, आमरस, खापरावरची पुरणपोळी. या वयातही मी जाते. माय आहे तोवर माहेर आहे. यंदाही गेले. दुपारी सगळे जेवायला बसलो. भावाच्या एका हातात रसाची वाटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. त्यात कसली तरी चर्चा चालू होती, चार जण एकदम ओरडत होते. जनगणना येतेय, तर त्यात नागरिकत्वाचं विचारावं की नाही. एक म्हणत होता, माणसं मोजायची तर सगळी मोजा, हे विचारायला लागलात तर लोक दारं लावून घेतील. दुसरा म्हणत होता, आपले कोण नि परके कोण हे देशाला कळायला नको का?

"बरोबर बोलतोय," भाऊ म्हणाला. "विचारायलाच पाहिजे. आपण गाय घेताना नाही का विचारत, कुठली, कोणाच्या दावणीची?"

"वा रे वा! माय समोर बसलीय, तिलाही विचार, तू कोणाच्या दावणीची," मी म्हणाले.

"ताई, तू ना, प्रत्येक गोष्टीत काडी घालते. ज्याचं खरं आहे त्यानं का भ्यायचं? कर नाही त्याला डर कशाला?"

खोटं कशाला बोलू, मलाही ते थोडं पटत होतं. दुकानात अनोळखी माणूस आला तर मी त्याचं गाव विचारल्याशिवाय नळीचा तुकडा देत नाही. विचारण्यात काय वाईट आहे, असंच मला वाटत आलं होतं.

भाची बारावीला आहे. बोटं चाटत तिनं विचारलं, "पप्पा, पण विचारणार काय नक्की?"

"काय म्हणजे? जन्म कुठला. आईचा जन्म कुठला, बापाचा कुठला. ज्याला सांगता येणार नाही तो संशयाचा. मग त्याची पोरं संशयाची, आणि पोरांची पोरंही." हे त्यानं कुठं वाचलं होतं देव जाणे. मोबाइलवर काय काय फिरत असतं.

"मग आजीचा जन्म कुठला?"

पोरीनं साधं विचारलं, तिच्या मनात काही नव्हतं. पण वहिनीचा पोळी वाढणारा हात थांबला. भाऊ मोठ्यानं हसला, जरा जास्तच मोठ्यानं. "आजीचं काय घेऊन बसलीस! आपलं वेगळं. आपल्याला कोण विचारतंय?"

माय आपल्या ताटाकडं बघत होती. "रस गोड शे ना?" तिनं कोणाकडंही न बघता विचारलं. रस म्हणजे तिचा जीव की प्राण. त्या दिवशी तिनं दुसरी वाटी घेतली नाही.

दुपार कलल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मी निंबाखाली खाटेवर पडले होते.

"पोरी, मन्हं गाव सांगता नही उनं, ते तुलेबी ईचारतीन का?"

म्हणजे तिचं गाव सांगता आलं नाही, तर मलाही विचारतील का. मी उठून बसले. "माय, त्या फॉर्मात असं काही आहे की नाही हेच अजून कोणाला धड माहीत नाही. त्या टीव्हीवाल्यांचं पोटच भांडणावर चालतं. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"पन ईचारं ते?"

"विचारलं तर विचारलं. बघून घेऊ."

ती माझ्याजवळ आणखी सरकली. मग म्हणाली, "तू मन्ही आंडेर शे, हाई कोठे कोठे लिखेल शे?"

तू माझी लेक आहेस हे कुठं कुठं लिहिलेलं आहे. मी हसले. "कागद कशाला पाहिजे? माझ्या तोंडावरच लिहिलंय की!"

ती हसली नाही. माझ्या तोंडाकडं नुसती बघत राहिली.

नंतरचे दिवस गावाला कसलं तरी वारं लागल्यासारखे गेले. पारावर दुसरा विषय नाही. कोणी सांगे, उशिरा काढलेले जन्मदाखले रद्द करताहेत. कोणी सांगे, कागद नसलेल्यांना उचलून नेणार. कुठं? ते कोणालाच माहीत नाही. शिरपूरला झेरॉक्सच्या दुकानांपुढं गर्दी लागली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं माळ्यावरची पितळी भांडी खाली काढून चिंचेनं घासली, का तर त्यांच्यावर बापाचं आणि गावाचं नाव कोरलेलं आहे, कोणी आलं तर दाखवता येईल. आधी मी त्याला हसले. मग बघितलं, तर वहिनीही फळीवरच्या हंड्याखाली वाकून बघत होती.

भाऊही आतून हलला होता, पण कबूल करेल तर शपथ. एका सकाळी म्हणाला, "चल ताई, मायला घेऊन नानाकडं जाऊन येऊ. एकदा गावाचं नाव कळलं की विषय संपला." नाना म्हणजे मायचा चुलतभाऊ, तिच्यापेक्षा बराच मोठा. मायच्या माहेरी जुनं माणूस तेवढंच उरलंय. रिक्षा केली आणि गेलो.

नाना ओट्यावर खाटेवर पडून होता. एक डोळा गेलेला, पण कान तिखट. भावानं सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "नाना, मायचा जन्म कोणत्या गावचा? तुम्हांला माहीत असेल."

"माहीत शे," नाना म्हणाला.

भावाचा चेहरा उजळला. "मग सांगा ना."

"सांगानं नही. तुन्ही आजीनी माले आन घालेल शे."

"अहो नाना, आजीला जाऊन किती वर्षं झाली! कोणती शपथ नि काय! जमाना बदलला."

"जमाना बदलना," नाना म्हणाला. "मरन बदलनं का?"

मला राग आवरेना. मी म्हणाले, "नाना, शाळेतली एखादी बाई येईल माणसं मोजायला. यम नाही येणार!"

नानानं तो एक डोळा माझ्याकडं वळवला. खेकसला नाही, उलट समजूत घातल्यासारखं बोलला. म्हणाला, ते येतं तेव्हा डफ वाजवत येत नाही पोरी. वेश बदलून येतं. कधी वैद्य होऊन आलं होतं आमच्याकडं, कधी भिक्षेकरी होऊन. दारात उभं राहून एकच विचारतं, हे लेकरू कोणाचं, कुठलं. "आपुन सांगं का त्याले घर सापडस."

भर उन्हाळ्याच्या सकाळी माझ्या अंगावर काटा आला. आणि मला स्वतःचीच चीड आली, की या म्हाताऱ्याच्या बोलण्यानं आपल्यावर काटा का यावा.

मायनं माझा दंड धरला. "चाल पोरी." आम्ही उतरायला लागलो तर नानानं मागून हाक मारली. तिचं लहानपणचं नाव घेऊन.

"पाव्हनी! ध्यानमा शे ना, काय सांगानं?"

माझी सत्तरी ओलांडलेली माय पायरीवर थांबली, आणि लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "ध्यानमा शे."

घरी आल्यावर मी ठरवलं, इतक्यात जळगावला जायचं नाही. नवऱ्याला फोन करून सांगितलं, दुकान तुम्ही आणि पोरगा बघा. मायचं लक्षण मला ठीक दिसत नव्हतं.

वहिनी मला विहिरीजवळ गाठून रडली. "ताई, आत्याबाई मला विचारतात, पाणी घेऊ का?" मी म्हटलं, म्हातारपण असतं, चालायचंच. पण मग मीही बघायला लागले. ज्या घरात तिच्या नजरेशिवाय मिठाचा डबा हलत नव्हता, तिथं ती उंबऱ्याशी बसून राहायची. कोणी ताट मांडलं तर जेवायची. लोणच्याच्या बरणीला हात लावायची नाही. आंघोळीला जाताना विचारायची, मोरी रिकामी आहे का. आपली लुगडी तिनं पेटीतून काढून एका कापडी पिशवीत घातली आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. आबांशेजारचा तिचा फोटो भिंतीवरून गेला होता. नुसता पांढरा चौकोन उरला होता. फोटो कुठं ठेवला ते तिनं सांगितलं नाही.

वेड लागलं म्हणावं, तर तसंही नाही. दूध नासलं की आधी तिला कळायचं. भाच्याची परीक्षा कधी संपते, कपाशीचं बियाणं कोणतं चांगलं, सगळं ठिकाणावर. फक्त ती या घरची राहिली नव्हती.

एक दिवस मी भडकलेच. "माय, हे काय नाटक मांडलंय? वहिनी बिचारी रडून रडून अर्धी झाली. लोक म्हणतील, सून सासूला परक्यासारखं वागवते!"

तिनं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "सवय करी ऱ्हायनू, पोरी," ती म्हणाली.

सवय करतेय. ते ऐकून माझं सगळं अवसान गळालं. भांडायला समोर माणूस तर पाहिजे.

आणि मग मोजणारी बाई आली.

त्या दुपारी वहिनी दोन्ही पोरांना घेऊन शिरपूरला लग्नाला गेली होती. भाऊ वावरात. मी समोरच्या घरी कुरडयांना हात लावायला गेले होते. उन्हाळा आला की अख्खी गल्ली त्यात गुंतलेली असते. चीक घोटता घोटता मी सहज आमच्या दाराकडं बघितलं. तोंडाला ओढणी बांधलेली एक तरुण बाई ओट्यावर बसली होती, हातात मोबाइल, गळ्यात ओळखपत्र. माय तिच्यासमोर बसून बोलत होती. चांगली हातवारे करून बोलत होती. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, आली एकदाची आणि काही आभाळ कोसळलं नाही. चीक हाताला तसाच घेऊन मी गेले तेव्हा बाई उठतच होती. शेजारच्या तालुक्यातल्या शाळेतली शिक्षिका. ओढणी सोडलेला चेहरा ऊन लागून लाल झाला होता बिचारीचा.

"झालं आजी, बरं का. तुमच्यामुळं पटकन झालं," ती म्हणाली. मग मला, "तुम्ही घरातल्या?"

"मी लेक. जळगावला असते."

"म्हणजे तुम्हीही पाहुण्याच. बरोबर आहे मग. मी घरात नेहमी राहणारी माणसं चार धरलीत. या आजी तर आखाजीला आलेल्या."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. "कोण आखाजीला आलेली?"

"या आजी. म्हणाल्या, घरचे सगळे बाहेर गेलेत, मी पाहुणी आहे."

"अहो, हे घर तिचं आहे! पायाचे दगड वाहिलेत तिनं! ही माझी आई आहे, इथंच राहते, जन्मभर इथंच राहिली. पाच लिहा. पाच!"

बाई गोंधळली. तिनं माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. आमची तोंडं बघितल्यावर कोणालाही वेगळं सांगायची गरज पडत नाही. "आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "या तुमच्या कोण?"

मायनं माझ्याकडं बघितलं. मी तिला रागावलेली बघितलीय, आबा गेले तेव्हा पार खचलेली बघितलीय. असं तोंड कधीच बघितलं नव्हतं. बसस्टँडवर शेजारी बसलेल्या बाईकडं बघावं तसं तिनं बघितलं.

"हाई मन्ही नही," ती म्हणाली. "मी पाव्हनी शे. आखाजीले उनू, आते जासू."

हाताला चीक लागलेली मी तशीच उभी राहिले. काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, कोणीतरी मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलंय. पन्नाशीची बाई मी, दोन लेकरांची आई, आणि तोंड उघडून 'माय' म्हणायची ताकद राहिली नाही. ती कशासाठी असं बोलली ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त लागलं.

तेवढ्यात भावाची मोटारसायकल दारात आली. बाईच्या जिवात जीव आला. "भाऊ, तुम्ही घरमालक ना? तुम्हीच सांगा बरं. या घरात नेहमी राहणारी माणसं किती?"

भाऊ गाडीवरून उतरला. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि काय झालं असेल ते त्याला समजलं. मग त्यानं मायकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, हात जोडायचे तेवढे बाकी होते. आखाजीच्या दिवशी 'कर नाही त्याला डर कशाला' म्हणणारा माझा भाऊ. मी म्हटलं, बोल, बोल लवकर.

"चार," तो म्हणाला.

बाईनं मोबाइलवर बोट टेकवलं. मी तिला अडवून विचारलं, "बाई, एक सांगा. नागरिकत्वाचं काय विचारलंत हिला? जन्मगावाचं?"

"नाही हो! यात तसलं काहीच नाही," ती म्हणाली. "पाणी कुठून येतं, संडास आहे का, गॅस आहे का, भाकरी कशाची खाता, एवढंच. आजींनी सगळं धडाधडा सांगितलं. मला नवलच वाटलं, पाहुण्या असून घरातलं किती माहीत." मग जाता जाता म्हणाली, "तुमचं काही चुकलं असेल तर पुढच्या वर्षी बघा. तेव्हा परत येऊ, एकेका माणसाचं नाव, जन्म, सगळं लिहायला."

ती गेल्यावर मी भावावर तुटून पडले. तोंडाला येईल ते बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग ओट्यावर बसून म्हणाला, "ताई, तू तिचे डोळे बघितले का? मी पाच म्हटलं असतं तर ती आज रात्रीच घर सोडून गेली असती. आणि..." त्यानं घराकडं बघितलं, जिथं त्याच्या पोरांची दप्तरं पडली होती. "आणि मलाही भीती वाटली गं." धाय मोकलून रडला मग. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

माय मात्र मोकळी झाली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. संध्याकाळी पोटभर जेवली. माझ्या हाताला वाळलेला चीक तिनं आपल्या पदरानं पुसून काढला, लहानपणी पुसायची तशी. मला वाटलं, गेलं, संपलं सगळं. मी उठून खुंटीवरची पिशवी काढायला गेले.

"ऱ्हाऊ दे तठेच," ती म्हणाली.

"आता कशाला माय? मोजून गेले ना."

"त्या आजून एकदाव येतीन ना?" तिनं विचारलं. बाईचं बोलणं तिनं नीट ऐकलं होतं. तिनं मला जवळ बसवलं आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. कपाळावरून बोट फिरवलं, मग हनुवटीच्या खळीत ठेवलं.

"तवय तू येऊ नको, पोरी. आखाजीलेबी नको. तुन्हं तोंड मन्हासारखंच शे. देखं का कोनीबी वळखी ली."